दा मेझियानच्या घरचं मीठ

दा मेझियान कधी काही मागत नसत. हवं असलं की उचलत. आमची पहिली भेट झाली तेव्हा त्यांनी माझा चहा उचलला. मी रीतसर विचारलं होतं, "तुम्ही घेणार का? मशीनमधून आणते." मान हलवून नाही म्हणाले, आणि मी त्यांची फाईल शोधायला वळले तेवढ्यात माझा कप उचलून तीन घोटांत रिकामा केला. वर तो माझ्यापुढे सरकवून म्हणाले, "साखर कमी आहे." मधुमेहाने उजवा पाय गुडघ्याखाली कापलेला माणूस! मी कपाळाला हात लावला.

ही दोन हजार एक-दोन सालची गोष्ट. लंडनच्या उत्तर-पश्चिम भागातल्या एका हॉस्पिटलात मी फिजिओथेरपिस्ट होते. पुण्याहून मंदारच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, वर्क परमिटवर आले, इथल्या परीक्षा दिल्या आणि लागले कामाला. माझं काम म्हणजे दुखतंय नेमकं तिथेच दाबायचं आणि वर हसून 'अजून पाच' म्हणायचं. पेशंट शिव्या देतात, त्याची सवय होते. दा मेझियान तीन भाषांतून द्यायचे, तेही सगळा हॉल दणाणून सोडत. आणि व्यायाम संपला की घाम पुसून अगदी शांतपणे म्हणायचे, "बूर्रो." घरी येऊन मी फ्रेंचच्या डिक्शनरीत बघितलं. जल्लाद. पुढची तीन वर्षं माझं नाव तेच होतं. त्यांचं इंग्रजी मोडकंतोडकं, त्यात निम्मं फ्रेंच. इथे मी ते सरळ मराठीत सांगतेय, पण उर्मटपणा सगळा त्यांचाच आहे, मी पदरचा घातलेला नाही.

फाईलवर त्यांचं नाव हातभर लांब होतं. त्यांचे लोक मात्र 'दा मेझियान' म्हणत. त्यांच्या भाषेत वडीलधाऱ्याच्या नावाआधी 'दा' लावतात. मला ते आपल्या दादासारखं वाटलं, म्हणून मीही तेच धरलं. अल्जीरियाच्या उत्तरेच्या डोंगरांत कबाइल लोक राहतात. बर्बर, म्हणजे अरब यायच्या आधीपासूनचे तिथले लोक, त्यांच्यापैकी एक. हे तिथले. कुणी चुकून अरब म्हणालं तर काठी उगारत. वय सत्तरीच्या आसपास, अंगाने काटक, मिशी पांढरी आणि डोळे असे की समोरच्याने उगाचच आपले खिसे चाचपावेत. लंडनमध्ये तीसेक वर्षं हॉटेलांच्या किचनमधून कांदे चिरले होते म्हणे. बायको कधीच वारलेली, मूलबाळ नाही. कौन्सिलच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एक खोली आणि स्वयंपाकाचा ओटा, एवढा संसार.

नवा पाय बसल्यावर मी आठवड्यातून दोनदा घरी जाऊन त्यांना चालवायची. पहिल्यांदा रस्त्यावर काढलं तेव्हा ते मला न विचारता त्यांच्या लोकांच्या कॅफेत घेऊन गेले. आत दोन टेबलं भरलेली होती, पुरुषच पुरुष, डॉमिनोच्या ठोकळ्यांचा खेळ चाललेला. आम्ही दारात दिसलो आणि डावीकडचं टेबल उठून उभं राहिलं. एक म्हातारा पुढे येऊन त्यांच्या खांद्याचं चुंबन घेऊन गेला. उजवीकडच्या टेबलाने खुर्च्या फिरवल्या आणि आमच्याकडे पाठ केली. खुर्च्यांचे पाय फरशीवर करकर वाजले, मुद्दाम वाजवले. दा मेझियान मधल्या टेबलाशी बसले आणि दोन्हीकडे बघत छान हसले.

त्या कॅफेत रमदान नावाचे एक गृहस्थ भेटले. बेकरीत काम करायचे, आणि त्यांच्या गावच्या लंडनमधल्या मंडळाचे सेक्रेटरी होते. दा मेझियान बाथरूमला गेले तसं मी हळूच विचारलं, "काय भानगड आहे ही?"

"मादाम, बासष्ट साली फ्रेंच गेले," रमदान म्हणाले. "मग आमचंच सरकार आलं, आणि त्यांनी आमच्याच डोंगरावर शिपाई पाठवले. तेव्हा हे चाळीस माणसं घेऊन वर गेले. तीन हिवाळे लढले. शिपायांच्या हाती लागले नाहीत. आमच्या बायका लग्नात अजून त्यांच्या नावाचं गाणं म्हणतात."

"आणि ते दुसरं टेबल?"

"त्यांच्या बायकाही गाणं म्हणतात. ते दुसरं आहे."

घरी आल्यावर मंदारला सांगितलं. तो लॅपटॉपवरून मान वर न करता म्हणाला, "शलाका, तुझा पेशंट वॉर क्रिमिनल आहे. आय मीन, लिटरली. तू त्याला पाय लावून देतेस, फाइन, पण जेवणाचे डबे कशाला नेतेस? सोशल सर्व्हिसेसला रिंग कर आणि मोकळी हो." मी मोकळी झाले नाही. खरं सांगायचं तर मला त्या माणसाचा लळा लागला होता. माझे बाकीचे सगळे पेशंट शिवी दिली तरी मागोमाग 'सॉरी' आणि 'थँक यू' म्हणायचे. हा एकटा कुणाचं देणं लागत नसल्यासारखा वागायचा आणि मला ते आवडायचं. आवडायचं हे आता लिहिताना लाज वाटते, पण आवडायचं.

डब्याचं तर वेगळंच नाटक होतं. मी डबा समोर ठेवला की म्हणायचे, "नको." मी आग्रह करायची, आपल्या पद्धतीने, अगदी घास हातात घेऊन. ते ढिम्म. मग मी डबा ओट्यावर ठेवून बाथरूममधली पकडायची दांडी घट्ट आहे ना ते बघायला जायची, आणि परत येईपर्यंत डबा चाटूनपुसून लख्ख. "मी दिलं तेव्हा घ्यायला काय झालं होतं?" असं एकदा चिडून विचारलं तर म्हणाले, "दिलेलं खाल्लं तर मी तुझा पाहुणा. उचललेलं खाल्लं तर मी मेझियान."

व्यायामासाठी आमचा करार होता. दहा वेळा पाय वाकवायचा, मग त्यांनी एक गोष्ट सांगायची. खरं म्हणजे बोलताना त्यांचं दुखण्याकडे लक्ष नसायचं, त्यामुळे मलाच सोयीचं जायचं. त्या गोष्टी ऐकून माझ्या अंगावर काटा यायचा. सरकारी धान्याचं कोठार फोडून त्यांनी तीन गावांना वाटलं होतं, त्या हिवाळ्यात तिथे एकही पोर उपाशी मेलं नाही. हे ऐकून माझे डोळे भरून आले, तेवढ्यात पुढची गोष्ट. डोंगरातली बस अडवून त्यांनी सगळ्या उतारूंचे जोडे काढून घेतले आणि त्यांना बर्फातून अनवाणी गावापर्यंत चालवलं.

"का पण?"

"माझ्या माणसांना जोडे नव्हते."

"बायकांचे पण घेतले?"

"बायका चांगले जोडे घालतात."

एका माणसाने शिपायांना घरात आसरा दिला, तर त्याला हात लावला नाही. त्याची ऑलिव्हची झाडं तोडली, साठ झाडं, आजोबाने लावलेली, आणि त्यालाच कुऱ्हाड धरायला लावली. "तो रडत होता आणि तोडत होता," दा मेझियान म्हणाले आणि गुडघा स्वतःहून आणखी दोन इंच वाकवला. सांगताना त्यांच्या तोंडावर एक हसू यायचं. एका कोपऱ्यातून सुरू होऊन तिथेच थांबायचं. मी ते बघायचं टाळायची.

मुहंदची गोष्ट मात्र त्यांनी पाय न वाकवता सांगितली. मी बूट घालून निघालेच होते.

मुहंद त्यांच्याच गावचा खेचरवाला. बंडखोरांना वर पीठ पोचवायचा. एकदा शिपाई थेट त्यांच्या गुहेपाशी आले आणि पाच माणसं गेली. कुणीतरी जागा सांगितली होती. दा मेझियानना वाटलं, मुहंदनेच.

"मी त्याला जेवायला बोलावलं. जवाची भाकरी, तेल, मीठ, सुके अंजीर. एका थाळीत खाल्लं आम्ही. चढून आला होता, भूक लागली होती त्याला. मी म्हटलं, आणखी घे. त्याने घेतलं."

"मग?"

"मग त्याने हात पुसले. मी बंदूक घेतली. तो म्हणाला, मेझियान, मी तुझं मीठ खाल्लंय. कारण तरी सांग."

"सांगितलंत?"

"नाही."

"अहो, का नाही?"

"सांगितलं असतं तर त्याने उत्तर दिलं असतं."

मी दाराच्या कडीला हात लावून तशीच उभी राहिले. आठवड्याभरात कळलं की सांगणारा दुसराच होता. मग दा मेझियाननी मुहंदच्या बायकोकडे दोन दुभत्या शेळ्या पाठवल्या. तिने त्या गावाच्या चौकात बांधल्या आणि घरात निघून गेली. पाणी नाही, चारा नाही. अख्खं गाव येता-जाता बघत होतं आणि एकानेही दावं सोडलं नाही. शेळ्या मरायला पाच दिवस लागले. "बाई कडक होती," दा मेझियान म्हणाले. कौतुकाने म्हणाले, हो! मी त्या दिवशी बसस्टॉपवर बसून राहिले, तीन बस गेल्या तरी उठले नाही.

खाल्ल्या मिठाला जागणं आपल्याकडेही आहे. पण आपल्याकडे खाणाऱ्याने जागायचं. त्यांच्याकडे खाऊ घालणाऱ्यानेही जागायचं असतं. एका घरची भाकरी आणि मीठ पोटात गेलं की दोघंही बांधले जातात, कितीही जुनं वैर असलं तरी तिथे संपतं. रमदाननी मला हे समजावलं तेव्हा ते दुसरं टेबल कळलं. माणूस मारला म्हणून ते पाठ फिरवत नव्हते, मारलेले तर बरेच होते. जेवू घालून मारला म्हणून ते त्यांना दरोडेखोर म्हणत होते.

तिसऱ्या वर्षी त्यांचं हृदय थकलं. डॉक्टरांनी सांगितलं, महिने राहिलेत, वर्षं नाहीत. दा मेझियाननी ते पावसाचा अंदाज ऐकावा तसं ऐकलं. फक्त एकच गोष्ट त्यांच्या मनाने घेतली. गावी पुरलं जायचं. त्यांच्यात हे फार मोठं असतं. परदेशी मेलेल्याला गावकरी मंडळ विमानाने नेतं आणि त्याच्या बापजाद्यांच्या शेजारी ठेवतं. नेलं नाही तर माणूस त्या गावचा नव्हताच, असा अर्थ होतो. पण दफनभूमीत जागा द्यायची की नाही ते गावची सभा ठरवते. रमदाननी पत्र पाठवलं. सभेत दोन दिवस भांडणं झाली म्हणे, निम्मे म्हणाले वाजतगाजत आणा, निम्मे म्हणाले कुत्र्यांना घाला. शेवटी निरोप आला तो एका ओळीचा. मुहंदच्या घरातून 'हो' आलं तर आणा.

मुहंदची बायको अजून जिवंत होती, गावातच. मुलगी वर्दिया, बाप गेला तेव्हा चार वर्षांची. आता केंब्रिजला एका प्रयोगशाळेत शास्त्रज्ञ होती. आईने तिच्यावर सोपवलं होतं. जा, त्याला बघ आणि मग ठरव.

"शनिवारी अकराला ये," दा मेझियान मला म्हणाले. माझी सुट्टी आहे का, मला जमेल का, हे विचारायचा प्रश्नच नव्हता. "बाई येणार आहे. घरात बाई नसली तर ती बसणार नाही. आणि तुझं ते पिवळं खाणं आण." तीन वर्षांत त्यांनी पहिल्यांदा मला काही आणायला सांगितलं होतं. मी मूर्ख, हरखून गेले. म्हटलं, चला, म्हाताऱ्याचं मन द्रवलं.

शनिवारी पोहे केले. घाई इतकी की मंदार म्हणाला, "अगं, ब्रीद!" कोथिंबीर घातली, खोबरं घातलं, डबा भरला आणि बसमध्ये बसले. त्यांच्याकडे पोचून ओट्यावर डबा उघडला आणि चव बघितली तर पोहे अळणी. मीठ घालायलाच विसरले होते! आता बारा मैलांवरून घरी जाऊन मीठ आणायचं का? त्यांच्या ओट्यावर निळ्या झाकणाची बरणी होती, त्यातलं चमचाभर मीठ घेतलं, लिंबू पिळलं आणि हलवून सारखं केलं. दा मेझियान खुर्चीत बसून माझ्याकडे बघत होते. मला त्यात काही वाटलं नाही, ते नेहमीच बघत असायचे.

वर्दिया आली रमदानबरोबर. उंच, केस आखूड कापलेले, करड्या रंगाचा कोट. तो तिने काढला नाही. माझ्याशी हात मिळवला, त्यांच्याशी नाही. ओट्याकडे पाठ असलेल्या खुर्चीत बसली आणि बॅगेतून स्वतःची पाण्याची बाटली काढून पायाशी ठेवली. दा मेझियान त्यांच्या भाषेत काही बोलले. तिने उत्तर इंग्रजीत दिलं. पुढेही इंग्रजीतच बोलली. त्या तोंडून तिला आपली भाषा ऐकायची नव्हती, हे मलासुद्धा कळत होतं.

"माझी आई तुमच्याबद्दल एकदाच बोलली," ती म्हणाली. "म्हणाली, त्याने आधी जेवू घातलं."

"भुकेला होता," दा मेझियान म्हणाले.

मला ते ऐकून बसवेना. आपण बायका अशा वेळी काय करतो? मी उठले, बशीत पोहे घातले, वर शेव भुरभुरली आणि तिच्यापुढे धरली. ती दचकून मागे सरकली. "नो, थँक यू. या घरात मी काही खाणार नाही."

"अहो, हे या घरचं नाहीये," मी म्हणाले. "मी वेम्बलीहून करून आणलंय, माझ्या घरून. केंब्रिजहून आलात, सकाळपासून पोटात काही नसेल. दोन घास घ्या, माझ्यासाठी."

ती माझ्याकडे बघत राहिली. "तुमच्या घरचं?"

"माझ्या घरचं. बघा तरी."

मी तशीच आहे, मला नाही म्हणणाऱ्याला मी सोडत नाही. तिने बशी घेतली. एक चमचा खाल्ला, मग दुसरा. खरंच भूक लागली होती तिला. भुकेलं माणूस समोर खातंय म्हणून मला बरं वाटत होतं, आणि सहज म्हणून मी दा मेझियानकडे बघितलं.

ते हसत होते. एका कोपऱ्यातून.

"मीठ माझं आहे," ते म्हणाले. इंग्रजीतच, सगळ्यांना कळावं म्हणून. "त्या निळ्या बरणीतलं. मी बघितलंय. रमदान, तू साक्षी. मुहंदच्या मुलीने माझ्या घरचं मीठ खाल्लं. वैर संपलं. गावाला कळव."

वर्दियाचा चमचा हवेत राहिला. तिचा चेहरा असा झाला की मी आजवर टेबलावर झोपवलेल्या कुठल्याही पेशंटचा तसा बघितला नाही. शास्त्रज्ञ बाई, केंब्रिजची, पण त्या क्षणी ती चार वर्षांची होती. तिने बशी खाली ठेवली. मग ती माझ्याकडे वळली.

"खरं सांगा. आई मला पहिलं हेच विचारेल, आणि मी तिच्याशी खोटं बोलत नाही. मीठ कुणाचं होतं?"

रमदान उठून उभे राहिले. "मादाम, तुम्ही म्हणाल ते."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. आता सगळं कळलं. 'तुझं ते पिवळं खाणं आण.' तिच्या घशाखाली माझ्या हातचंच उतरेल, आणि मी आग्रह केल्याशिवाय राहणार नाही, हे त्यांनी तीन वर्षं बघून ठेवलं होतं. ते माझ्या हाताने तिला खाऊ घालणार होते, आणि मग कुठूनतरी पेचात पकडणार होते. अळणीपणा तेवढा माझा, तो त्यांना फुकट मिळाला. ज्या मिठावर त्यांनी बापाला मारलं त्याच मिठात लेकीला अडकवत होते, आणि आमिष कोण? मी! माझे पोहे! तीन वर्षं डबे पोचवले ते यासाठी?

"मीठ मी घरूनच घालून आणलं होतं," मी म्हणाले. "त्या बरणीतून मी काही घेतलं नाही. यांनी भलतंच बघितलं. मी लिंबू पिळत होते."

हे बोलताना मी दा मेझियानच्या डोळ्यांत बघत होते. खोटं सफाईने निघालं, एक शब्द अडखळला नाही. त्यांचं हसू जागच्या जागी विझलं. तोंड उघडलं त्यांनी, मला खोटारडी म्हणायला उघडलं असणार. पण कोण विश्वास ठेवणार होतं? मुहंदला जेवू घालणाऱ्याच्या शब्दावर?

वर्दियाने डोळे मिटून एक मोठा श्वास सोडला. मग बॅगेतून एक पाकीट काढलं आणि त्यातला कागद उलगडून रमदानना दाखवला. हातात दिला नाही, नुसता दाखवला. रमदान वाचता वाचता खाली बसले.

"आईने अंगठा दिलाय," ती म्हणाली. "त्याला येऊ द्या, असं लिहिलंय. हातात द्यायचा की नाही ते माझ्यावर होतं. मी द्यायला आले होते." कागदाच्या तिने नीट चार घड्या केल्या आणि तो परत बॅगेत ठेवला. "दोन मिनिटं थांबायचं होतंत. नुसतं विचारायचं तरी होतंत."

तिने पाण्याची बाटली उचलली, माझ्या खांद्याला हात लावला आणि गेली. रमदान तिच्यामागे गेले. बशीत अर्धे पोहे तसेच होते.

ओट्याला धरून मी हिशोब लावत होते. मी खरं बोलले असते तर ती मिठाला बांधली गेली असती, कागद द्यावाच लागला असता, आणि हा म्हातारा आपल्या डोंगरात गेला असता. मी गप्प बसले असते तरी कदाचित गेला असता. मी त्याची जागा काढून घेतली होती, माझ्या तोंडाने. मला वाटलं ते ओरडतील, काठी उगारतील, निदान बूर्रो म्हणतील. ते मात्र खिडकीबाहेर बघत राहिले.

त्यानंतर ते पाच आठवडे जगले आणि मी जात राहिले. का ते विचारू नका. पाय वाकवायची आता काही गरज नव्हती, तरी मी गेले की ते स्वतःच पाय पुढे करत. दहा, वीस, तीस. एक शिवी नाही, एक हुंकार नाही, गोष्ट तर नाहीच. दुखत असणार, मला हाताखाली कळत होतं, पण तोंडातून आवाज काढायचा नाही असं त्यांनी ठरवलं होतं. त्या ओरडण्याची मला इतकी सवय झाली होती की ती शांतता मला सहन होईना. मी डबा नेला की तो ओट्यावर जसाच्या तसा राहायचा. मी बाथरूममध्ये मुद्दाम वेळ काढायची, पाणी सोडून उभी राहायची. डबा भरलेलाच. घरी येऊन मी तो कचऱ्यात ओतायची आणि मंदारसमोर रडायची. तो बिचारा म्हणायचा, "यू डिड द राइट थिंग, शलू." मला ते ऐकून आणखीच राग यायचा, कारण तो तिथे नव्हता.

एका मंगळवारी माझा बांध फुटला. मी त्यांचा पाय खाली ठेवला आणि म्हणाले, "दा मेझियान, विचारा ना मला. मी का केलं ते एकदा विचारा. मला सांगायचंय."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, कितीतरी दिवसांनी सरळ बघितलं. राग नव्हता त्यात. हेच मला अजून पचत नाही, राग अजिबात नव्हता.

"मी मुहंदला सांगितलं होतं का?" ते म्हणाले.

मग पाय पुन्हा माझ्या हातात दिला. ते त्यांचे माझ्याशी शेवटचे शब्द. शुक्रवारी सकाळी देखभालीला येणाऱ्या केअररने दार उघडलं तेव्हा ते खुर्चीतच गेलेले होते.

लंडनच्या कडेला एक दफनभूमी आहे, मोटरवेला लागून. तिथे त्यांना पुरलं. गावाकडून परवानगी आली नव्हती, आणि रमदाननी परत विचारलंही नाही. कॅफेतली दोन्ही टेबलं आली होती. डावीकडचे रडत होते. उजवीकडचे रडत नव्हते, पण खड्ड्यात माती लोटायला तेही पुढे झाले. मला वाटलं, मेल्यावर माफ करत असतील. रमदान म्हणाले, "नाही मादाम, खात्री करून घेतायत." बायकांनी लांब उभं राहायचं असतं, म्हणून मी कुंपणापाशी थांबले. ट्रकच्या आवाजात प्रार्थना ऐकूही येत नव्हती. चिकट पिवळी चिखलमाती होती, फावड्याला लागून परत वर यायची. त्या माणसाला डोंगराची माती हवी होती आणि मी त्याला ही दिली, असं मनात येत राहिलं. मला वाईट वाटलं, फार वाटलं. खोटं बोलल्याचा पश्चात्ताप मात्र त्यातही झाला नाही. दोन्ही एकदम कसं होतं ते मला विचारू नका, पण झालं.

दोन महिन्यांनी हॉस्पिटलात माझ्यासाठी फोन आला. वर्दिया होती. आई गेली म्हणाली, गावाहून नुकतीच परत आलेय. माझी चौकशी केली, पोह्यांची आठवण काढली, मग घुटमळली.

"आईने शेवटी पुन्हा तेच विचारलं," ती म्हणाली. "त्याच्याकडे काही खाल्लंस का? मी नाही म्हणाले. तिने माझा हात धरून ठेवला आणि मग गेली." मग म्हणाली, "मला एकदा खात्री करून घ्यायचीय. आता त्याने काही बदलत नाही. ते मीठ खरंच तुमच्या घरचं होतं ना?"

समोरच्या दांड्यांना धरून एक आजोबा उभे होते, मी त्यांना 'अजून पाच' म्हणून आले होते.

"माझ्याच घरचं," मी म्हणाले. दुसऱ्यांदा सोपं गेलं.